खांदा आखडलाय की नस तुटलीय: व्यायाम, इंजेक्शन की ऑपरेशन?

खांदा दुखतोय म्हणून दाखवायला गेलं की एक डॉक्टर इंजेक्शन सांगतात, दुसरे दुर्बिणीतून ऑपरेशन, आणि गल्लीतलं कुणीतरी चोळून देणाऱ्याचा पत्ता देतं. मग एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन माणूस आमच्याकडे फिजिओथेरपीला येतो आणि रिपोर्टमधल्या ‘टेअर’ (फाट) या एका शब्दावर बोट ठेवून विचारतो, ‘काय करावं?’ माझं म्हणणं एवढंच, की निर्णय रिपोर्ट वाचून घ्यायचा नसतो. हात काय करतोय आणि काय करू शकत नाही, हे आधी बघायचं आणि रिपोर्ट त्याच्याशी जुळतो का ते नंतर.

शरीरातला सर्वांत मोकळा सांधा म्हणजे खांदा. उथळ बशीत चेंडू ठेवावा तशी त्याची बांधणी असते, म्हणून हात चहूबाजूंनी फिरतो. त्या चेंडूला जागेवर धरून ठेवतात चार छोटे स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या (आपल्याकडे सगळे त्यांना नसच म्हणतात). या सगळ्याला आतून एक पातळ आवरण असतं. चाळिशीनंतरची खांदेदुखी बहुतेक वेळा या दोनांपैकी एकात असते: आवरण आखडतं, किंवा कंडरा झिजते आणि फाटते. दोन्हीत हात वर जात नाही, दोन्हीत रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. उपचार मात्र बरेच वेगळे.

फरक घरीच बराचसा कळतो. पलंगावर उताणे झोपा. दुखऱ्या हाताचं कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा, बोटं छताकडे. आता घरातल्या कुणाला मनगट धरून हात हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. तुम्ही स्वतः जोर लावायचा नाही, हात ढिला सोडायचा. मग तसंच चांगल्या हाताचं करून बघा. दुखरा हात चांगल्याच्या निम्माही गेला नाही आणि दुसऱ्यानं नेऊनही कडक अडला, तर खांदा आखडलाय, म्हणजे फ्रोजन शोल्डर. याउलट दुसऱ्यानं उचलला तर हात पूर्ण वर जातो, पण तुमचा तुम्हाला उचलत नाही, किंवा वर नेऊन सोडला की धपकन खाली येतो, तर कंडरेकडे बघायला हवं. ही घरची तपासणी झाली, निदान नव्हे. साधा एक्स-रे तरीही काढावा, कारण सांध्याची झीज असेल तरी हात असाच अडतो.

खांदा आखडला असेल तर

हा आजार साधारण चाळीस ते साठ वयात येतो, बायकांना जास्त. मधुमेह असणाऱ्यांत तर फारच आढळतो आणि थायरॉईडच्या रुग्णांतही. आधी काही महिने नुसती कळ, मग दुखणं कमी होत जातं पण हात जाम, आणि मग सावकाश मोकळा होणं, असा त्याचा प्रवास एक ते तीन वर्षांचा. ब्लाउजची हुकं मागून लावता येईनात, वेणी घालता येईना, सदऱ्याच्या बाहीत हात जाईना, अशी सुरुवात असते. कधीच शुगर तपासली नसेल आणि खांदा असा आखडला असेल, तर खांद्याच्या आधी रक्त तपासून घ्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीही करा. शुगर असल्याचं खांद्यामुळेच पहिल्यांदा कळलं, असे लोक आमच्याकडे येतात.

इथे तीन वाटा आहेत. पहिली व्यायामाची. वाकून हात लोंबता सोडून झुलवणं, भिंतीवर बोटांनी वर चढत जाणं, टॉवेल पाठीमागे धरून वरच्या हातानं खालचा ओढणं, झोपून काठीनं हात बाहेर ढकलणं. दिवसातून दोन-तीनदा, थोडा थोडा वेळ. ताण जाणवावा, पण व्यायामानंतर तासाभरातही कळ शमली नाही तर जोर जास्त झाला समजा. कळ जबर असण्याच्या दिवसांत हिसके देऊन हात मोकळा करायचा नाही; त्यानं दुखणं वाढतं आणि माणूस व्यायामच सोडून देतो. चोळून, खेचून ‘सांधा बसवून’ देणाऱ्याकडे तर या काळात मुळीच जाऊ नका.

दुसरी वाट सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन. लोक स्टेरॉईड शब्दाला भितात, पण आखडलेल्या खांद्यात सुरुवातीच्या दुखऱ्या महिन्यांत त्याचा चांगला उपयोग होतो: कळ उतरते, झोप लागते आणि व्यायाम करता येतो. इंजेक्शन घेऊन घरी बसलात तर मात्र अर्धं काम वाया. शुगर असेल तर त्यानंतर काही दिवस ती वाढलेली राहते, म्हणून ग्लुकोमीटरवर रोज बघा आणि इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. शुगर आधीच तीनशेच्या पुढे फिरत असेल तर ती आटोक्यात आणूनच इंजेक्शनचं बघावं. आवरणात औषध आणि सलाईनचं पाणी भरून ते आतून ताणायचं, असाही एक प्रकार आहे. तो करणारे आपल्या भागात कमी.

तिसरी वाट भूल देऊन हात मोकळा करण्याची किंवा दुर्बिणीतून आवरण कापण्याची. ब्रिटनमध्ये पाचशे तीन रुग्णांवर या दोन्हींची तुलना इंजेक्शनसह केलेल्या पद्धतशीर फिजिओथेरपीशी केली गेली. निष्कर्ष 2020 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. वर्षभरानंतर तिन्हींत ठळकपणे सरस असं काहीच निघालं नाही, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये धोके जास्त दिसले. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणी आखडलेल्या खांद्याला ऑपरेशनच सांगत असेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांगेन. सहा-आठ महिने मनापासून व्यायाम करून, इंजेक्शन घेऊनही हात जागचा हलत नसेल, तर मात्र तिसरी वाट चुकीची नाही.

कंडरा फाटली असेल तर

इथे आधी एकच प्रश्न: पडलात का? गाडीवरून पडला, शेतात घसरून हातावर आलात, आणि त्या दिवसापासून हात वर जाईना. एक्स-रेत हाड धड दिसतं, ‘मुका मार आहे’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात. दोन आठवड्यांनीही हात वर जात नसेल तर तो मुका मार धरून बसू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. मारानं पूर्ण फाटलेली कंडरा पहिल्या काही आठवड्यांत शिवली तर चांगली जोडली जाते. महिने गेले की ती आत ओढली जाते, स्नायूत चरबी भरते आणि मग शिवूनही जोर नीट येत नाही. ऑपरेशनची घाई योग्य असते ती इथे.

झिजून हळूहळू फाटलेल्या कंडरेचं गणित उलटं आहे. साठीच्या पुढे कितीतरी लोकांच्या कंडरा फाटलेल्या असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. दोन्ही खांद्यांचा एमआरआय काढला तर न दुखणाऱ्या बाजूलाही ‘पार्शियल टेअर’ (अर्धवट फाट) निघू शकते. अमेरिकेत, मार न लागता पूर्ण फाटलेल्या कंडरेच्या रुग्णांना ठरावीक व्यायाम दिले गेले. दोन वर्षांत त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश लोकांना ऑपरेशन लागलं नाही. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. म्हणून अशा रुग्णाला आम्ही बारा आठवडे व्यायाम सांगतो. हे व्यायाम आखडलेल्या खांद्याचे नव्हेत. इथे ताणण्यापेक्षा रबरी पट्ट्यावर जोर वाढवणं आणि खवाट्याचे स्नायू पक्के करणं महत्त्वाचं.

इंजेक्शन इथेही देतात, पण त्याची मदत काही आठवड्यांपुरती. फाटलेल्या कंडरेत तीन-चारदा इंजेक्शन घेणं मला पटत नाही. कंडरा त्यानं आणखी नाजूक होऊ शकते. ऑपरेशन ठरलं असेल तर त्याच्या तोंडावर इंजेक्शन अजिबात नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी हल्ली जोरात विकलं जातं. त्याचा पुरावा अजून डळमळीत आहे, आणि पैसे मोजके असतील तर ते त्यावर घालू नयेत.

एक ऑपरेशन मात्र मी सरळ नाकारायला सांगतो. कंडरा धड आहे, नुसती हात उचलताना कळ येते, आणि ‘वरचं हाड घासून जागा करून देतो’ असं सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या आणि फिनलंडमधल्या चाचण्यांत काही रुग्णांना खरं ऑपरेशन केलं, काहींना नुसती दुर्बीण आत घालून बाहेर काढली. फरक पडला नाही. 2019 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञमंडळानं हे ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली.

कामाचा हंगाम आणि ऑपरेशन

कंडरा शिवली की चार ते सहा आठवडे हात झोळीत. त्यानंतर दुसऱ्यानं हलवायचा, मग स्वतः, मग वजन. जड उचलायला पाच-सहा महिने धरून चला. लातूरच्या शाळेतल्या मास्तरांना फळ्यावर लिहायला थोडे दिवस अडचण होईल, पगार चालू राहतो. बीडकडच्या ऊसतोड कामगाराचं तसं नाही. दसरा-दिवाळीला उचल घेऊन कोयता चालवायला गेलेला माणूस मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवतो; शिवलेल्या खांद्याला याहून वाईट काम सापडणार नाही. हंगाम संपवून एप्रिलमध्ये ऑपरेशन केलं तर ऑक्टोबरपर्यंत हात कामाचा होतो, तोही व्यायाम चुकले नाहीत तर. झिजलेल्या कंडरेला अशी वाट बघता येते. ताज्या माराच्या फाटीला नाही, तिथे उचल बुडाली तरी आधी खांदा.

शेतकऱ्यांत मला फवारणीच्या पंपाची चिंता असते. पाठीवर भरलेला पंप, एका हातानं सतत दांडा मारायचा, पट्टा खांद्यात रुतलेला. व्यायाम चालू असेपर्यंत बॅटरीचा पंप घ्या किंवा ते काम दुसऱ्याकडे द्या. कापूस वेचणीत हात फार वर जात नाही, ओटी कमरेला असते. ती बहुतेकांना जमते. भरलेलं गाठोडं डोक्यावर चढवताना मात्र दोघी लागाव्यात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ऑपरेशनआधी सोडावी, कंडरा जोडायला त्यानं अडथळा येतो. आणि वय, फाटीचा आकार जितका मोठा तितकी पुन्हा फाटण्याची शक्यता जास्त, हेही सर्जनला स्पष्ट विचारून घ्या.

खांदा निखळण्याचं प्रकरण तरुणांचं. विशीच्या आतबाहेर पहिल्यांदा निखळला तर पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी; कबड्डी खेळणारा किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा असेल तर लवकर शस्त्रक्रियेचं बोलावं. चाळिशीनंतर निखळला तर कंडरा फाटली नाही ना, हे आवर्जून बघावं. बसवायचं काम दवाखान्यातच, एक्स-रे काढून.

सांधा पूर्ण झिजला असेल, कंडराही दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर सांधा बदलणं आहे. उलट्या रचनेचा सांधा फ्रान्समध्ये पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमाराला आणला: चेंडू बशीच्या जागी, बशी चेंडूच्या जागी. उतारवयात, रात्रंदिवस दुखत असेल तर त्याचा विचार करावा. हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच.

पैशाचं बघायचं तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची अस्थिरोग ओपीडी गाठा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जवळचं जे असेल ते. तुमचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा, दलालामार्फत नको. जाताना एमआरआयची फिल्म न्या, नुसता रिपोर्टचा कागद नाही.

आणि काही वेळा दुखणं खांद्याचं नसतंच. मान वळवली की कळ दंडातून बोटांपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मानेची नस तपासा (इथे नस म्हणजे मज्जातंतू, कंडरा नव्हे). वजन घटतंय, ताप येतोय आणि खांदा सुकतोय, तर टीबी तपासा. डाव्या खांद्यात कळ, सोबत घाम, छातीत दडपण किंवा धाप असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून जवळच्या दवाखान्यात जाऊन आधी ईसीजी काढून घ्या.