‘फक्त नावाला डायरेक्टर व्हा’ असं कुणी म्हणालं तर आधी हे वाचा

2019 मध्ये मिस्टरांच्या मित्राने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. घरी येऊन म्हणाले, वहिनी, कायद्याने दोन डायरेक्टर लागतात म्हणून फक्त नाव द्या, तुम्हाला काहीच करायचं नाहीये. इतक्या वर्षांची ओळख, नाही कसं म्हणणार. पॅन, आधार, फोटो दिले, डीआयआर-2 वर सही केली. ती डायरेक्टर व्हायची लेखी संमती असते आणि मी तो कागद वाचलासुद्धा नाही.

माझी डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन माझ्या हातात कधी आलंच नाही. एकदा ऑफिसात गेले तेव्हा अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये दिसलं, आठ-दहा टोकन रबरबँडने बांधलेली, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहिलेलं, एकावर माझं. तेव्हा वाटलं किती व्यवस्थित ठेवलंय! पासवर्डही त्यांच्याकडेच, म्हणजे माझी सही कुणीही कशावरही करणार आणि कायद्याच्या लेखी ती मीच केलेली.

वर्षभराने मला कसंतरी वाटायला लागलं म्हणून राजीनामा लिहून हातात दिला, पोच घेतली नाही. बघतो म्हणाले. डायरेक्टर बदलला की सरकारला कळवायला कंपनीने 30 दिवसांत डीआयआर-12 हा फॉर्म भरायचा असतो, भरलाच नाही. डायरेक्टरला स्वतःलाही डीआयआर-11 भरून राजीनामा कळवता येतो हे मला फार उशिरा समजलं.

2024 मध्ये मैत्रिणीबरोबर छोटी कंपनी काढायला गेले तर सीए म्हणाले, मॅडम तुमचा डिन (डायरेक्टरचा सरकारी ओळख क्रमांक) डिसक्वालिफाय झालाय. त्या कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं वार्षिक रिटर्न भरलेच नव्हते, कंपनी कायद्याच्या कलम 164(2) खाली 5 वर्षं कुठल्याच कंपनीत नवीन नेमणूक नाही. 2017 मध्ये सरकारने असेच सुमारे 3 लाख डायरेक्टर एका झटक्यात बाद केले होते.

मग कागद काढायला लागलो तर कर्जासाठी केलेल्या बोर्डाच्या ठरावाची प्रत मिळाली, मीटिंगला मी ‘हजर’. त्या तारखेला मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, डिस्चार्ज कार्ड आहे माझ्याकडे. आणि वर इन्कमटॅक्सची नोटीस. प्रायव्हेट कंपनीकडून टॅक्स वसूल झाला नाही तर तो त्या वर्षी डायरेक्टर असलेल्यांकडून घेता येतो, 1961 च्या इन्कमटॅक्स कायद्याचं कलम 179, आणि आपला निष्काळजीपणा नव्हता हे आपणच सिद्ध करायचं. मी सीएंना म्हटलं, मला तर काहीच माहीत नव्हतं हो. ते म्हणाले, हे लिहून देऊ नका, कारण कंपनी कायद्याच्या कलम 166 प्रमाणे लक्ष ठेवणं हेच डायरेक्टरचं काम, माहीत नव्हतं म्हणजे तुम्ही ते केलं नाही. नावापुरता डायरेक्टर असा प्रकार कायद्यात नाहीच, सही केली की पूर्ण डायरेक्टर. ते ऐकून मी रात्रभर झोपले नाही.

आता राजीनामा परत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलाय, ईमेलही केलाय, डीएससी रद्द करून घेतली, नोटिशीला उत्तर वकिलांकडून गेलंय. राजीनामा दिला तरी आपण असतानाच्या काळातली जबाबदारी सुटत नाही, त्यामुळे हे अजून किती वर्षं चालणार कोण जाणे. तुम्ही कुणाला असं नाव दिलं असेल तर आजच एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कंपनीचं रिटर्न शेवटचं कधी भरलंय ते बघा आणि आपलं टोकन परत मागून घ्या.

त्या ड्रॉवरमधलं आणखी एक नाव ओळखीचं होतं, मागच्या आठवड्यात तिला फोन केला. ती म्हणाली, डायरेक्टर? मी? मला तर बँकेचा फॉर्म आहे म्हणून सही करायला सांगितली होती.