बत्तीस की अठ्ठेचाळीस? मोठ्या प्रमाणातील लढाऊ विमानांची मॉडेल्स बांधू इच्छिणाऱ्यांसाठी

१/७२ मधली, म्हणजे खऱ्या विमानाच्या लांबीच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी, पाच-सहा मॉडेल विमाने हातावेगळी करून ज्याने आता मोठ्या प्रमाणाकडे (स्केलकडे) वळायचे ठरवले आहे, त्याच्यापुढे १/४८ आणि १/३२ असे दोन मार्ग उरतात. १/२४ हा तिसरा मार्गही आहे आणि एअरफिक्स या मॉडेल कंपनीने १९७० मध्ये स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाने त्याची सुरुवात केली. पण त्यात निवडीला फारसा वाव नसल्यामुळे तो इथे बाजूला ठेवतो. मी सहा वर्षे १/४८ मध्ये काम केले आणि गेली चार वर्षे बहुतांशी १/३२ मध्ये करतो आहे. हे सारे ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, खिडकीशी लावलेल्या साडेतीन फुटी टेबलावर चालते. त्यामुळे पुढचे मत त्या टेबलापुरते आणि त्यामागे बसणाऱ्या माझ्या वयापुरते खरे आहे, असे समजून वाचावे.

१/३२ विरुद्ध सांगितले जाणारे पहिले कारण म्हणजे जागा. ते खोटे नाही, पण ते सरसकट सांगितले जाते, हे मला पटत नाही. लांबीत दीडपट असलेले मॉडेल पृष्ठभागात सव्वादोन पट आणि आकारमानात तिपटीहून जास्त भरते, म्हणून खोके हातात आले की छातीत धस्स होते; मात्र कपाटाला आकारमानाशी नव्हे, तर लांबी-रुंदीशी देणेघेणे असते. स्पिटफायर एमके. (मार्क) ९ चा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/३२ मध्ये ३५ सेंटिमीटर. लांबी जेमतेम ३० सेंटिमीटर. माझ्या काचेच्या कपाटाच्या फळ्या एक फूट खोल आहेत आणि त्यात ते विमान, शेपूट मागच्या फळीला जवळजवळ टेकवून, बसते. मिग-२१ तर आणखी सोयीचे, कारण त्याचे पंख इतके आखूड आहेत की १/३२ मध्येही विस्तार साडेबावीस सेंटिमीटरच्या आत राहतो, आणि विमान फळीवर आडवे ठेवले की पुढे-मागे बोटभर जागा उरते. खरी अडचण जुळ्या इंजिनांच्या आधुनिक जेटची. सुखोई-३० एमकेआय १/३२ मध्ये सुमारे ६८ सेंटिमीटर लांब आणि ४६ सेंटिमीटर रुंद होते. ते ठेवण्यासाठी आमच्या घरात टीव्ही तरी हलवावा लागेल किंवा मी तरी. त्या विमानासाठी १/४८ हेच उत्तर आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

निवडीच्या बाबतीत १/४८ पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. एडुआर्ड कंपनीची २०११ पासून येत गेलेली १/४८ ची मिग-२१ मालिका हे एकच उदाहरण पुरे. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आपल्या हवाई दलाचे एखादे मिग घरात असावे असे वाटले असणार, आणि त्यांना मी आधी तिकडेच पाठवीन. १/३२ मध्ये ट्रम्पेटरची मिग-२१ आहेत, रेव्हेलचे हंटर आहे, आणि टामियाने २००९ पासून काढलेली स्पिटफायर कुटुंबातली किट आहेत. या शेवटच्यांत एमके. ८ आहे, म्हणजे तेच रूप जे आपल्या हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवले. त्या आघाडीवर जपानी विमानांच्या तांबड्या गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून आपल्या बाजूच्या विमानांवरच्या ओळखीच्या चक्रातून तांबडा रंग काढून टाकला होता आणि गडद व फिकट निळा एवढेच ठेवले होते. एरवी डीकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांवर) विसंबणाऱ्या माणसालाही १/३२ मध्ये ही दोन रंगांची चक्रे मास्क लावून एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) रंगवता येतात, आणि एकदा रंगवली की डीकलच्या चकाकणाऱ्या कडेकडे परत बघवत नाही.

रंगकामात १/४८ सुखाचे आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर रंग झपाट्याने सुकताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर साचते आणि रंगावर पांढुरकी साय आल्यासारखे दिसते. सावकाश सुकणारे थिनर वापरले तर हे बरेच टळते. तरीही सव्वादोन पट पृष्ठभाग म्हणजे सव्वादोन पट वेळा एअरब्रशचा कप भरणे, आणि तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी जमून नेमका पंखाच्या मध्यभागी एक थेंब सुटणे. १/४८ स्पिटफायरचे पोट मी एका कपात, एका दमात रंगवतो. १/३२ चे रंगवताना मी पावसाळ्यात प्रायमरच्या पुढे जात नाही आणि रंग दिवाळीपर्यंत ठेवून देतो. ज्याला दरमहा एक विमान पूर्ण झालेले पाहायचे आहे, त्याला ही सक्ती जाचेल.

हाताळणीतही तसेच. पंख जोडल्यानंतर १/३२ चे विमान टेबलावर फिरवताना ते दिव्याला, पुट्टीच्या डबीला आणि चहाच्या कपाला आपटते. पंखाच्या टोकाची पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) मी दोनदा मोडली आहे आणि आता ती शेवटच्या दिवशीच लावतो.

एवढे सगळे १/४८ च्या बाजूने असताना मी इकडे का आलो, त्याचे कारण लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण ते कारण म्हणजे आमच्या घरातली फरशी आहे.

जुन्या इमारतींत असते तशी आमच्याकडे मोझॅकची लादी आहे: राखाडी जमीन आणि तिच्यात काळे, पांढरे, पिवळट आणि विटकरी खडे. या लादीवर पडलेली कुठलीही लहान वस्तू खड्यासारखी दिसते आणि प्रत्येक खडा पडलेल्या वस्तूसारखा दिसतो. एका १/४८ स्पिटफायरची कॉकपिट पूर्ण करीत आणली होती, आणि नेम धरण्याच्या यंत्रावरची तिरपी काच तेवढी लावायची राहिली होती. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, पारदर्शक तुकडा; स्प्रूपासून (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीपासून) कापून, कडा घासून, चिमट्यात धरला, चाळिशी नाकावर नीट बसवण्यासाठी मान किंचित हलवली, आणि चिमट्यातून टिच असा आवाज आला. बस्स. मी मोबाइलचा दिवा लादीला टेकवून आडवा धरला, म्हणजे वस्तूची सावली लांब पडते आणि ती सापडते. सापडले दोन साबुदाणे, एक टिकली आणि मागच्या वर्षीच्या विमानाची एक्झॉस्ट नळी. पत्नीने पोछा लावणाऱ्या मावशींना दोन दिवस त्या खोलीत न येण्याबद्दल सांगितले, तेव्हा मावशींनी विचारले, "साहेबांचं काय हरवलंय?" "काच," असे ऐकून त्या चपला घालून आत आल्या. काच मिळाली नाही. शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून मी दुसरी कापली. ती पहिल्यापेक्षा बरी बसली, पण तीही बसवताना एकदा उडाली होती आणि नशिबाने माझ्या बाहीला चिकटली होती.

त्यानंतर मी हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की १/४८ मध्ये माझा जवळजवळ निम्मा वेळ बांधण्यात नव्हे, तर ओणवे होऊन शोधण्यात जात होता. टेबलाच्या कडेला एप्रन टाचून बघितला, पांढरी चादर अंथरून बघितली. चादरीच्या चुण्यांत तुकडा अधिकच हरवतो. १/३२ मध्ये तीच काच दीडपट मोठी असते. दीडपट ऐकायला फार वाटत नाही, पण पंचेचाळिशीनंतर चिमट्याला पकडायला कड मिळणे आणि न मिळणे यांतला तो फरक आहे. आसनाच्या पट्ट्यांचे बक्कल, दट्ट्यांच्या मुठी, चाकांच्या दारांच्या बिजागऱ्या, या सगळ्यांना आता मला कड मिळते.

तरुण डोळ्यांच्या वाचकाला हे कारण पोरकट वाटेल, याची मला कल्पना आहे. शिवाय न्यायाने हेही सांगायला हवे की मोठ्या प्रमाणात कंपन्या अशा गोष्टीही वेगळ्या करून देतात ज्या १/४८ मध्ये एकाच तुकड्यात ओतलेल्या असतात. त्यामुळे बारीक तुकडे १/३२ मध्येही संपत नाहीत. टामियाच्या स्पिटफायरमध्ये इंजिनावरची आवरणे काढता-घालता यावीत म्हणून बसवायचे छोटे चुंबक आहेत, आणि ते जर उडाले तर टेबलाखालच्या लोखंडी खुर्चीच्या पायाला जाऊन चिकटतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही; चुंबक निदान सापडतो तरी.

खर्चाबद्दल एकच गोष्ट. परदेशातून मागवताना कुरिअरवाले वजनाऐवजी खोक्याचे आकारमान धरून पैसे लावतात, आणि १/३२ च्या खोक्यात बरीच हवा असते. म्हणून मी वर्षाला दोनच घेतो, तर १/४८ ची मी चार-पाच घेत असे. घेतलेल्यांपैकी पूर्ण किती झाली हे मोजले, तर मात्र आकडा आता बरा आहे.

तेव्हा ज्याची नजर चांगली आहे, ज्याच्या घरी एकरंगी पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि ज्याला सुखोई, मिराज, जग्वार असा आधुनिक ताफा उभा करायचा आहे, त्याने खुशाल १/४८ घ्यावे. त्याला पस्तावण्याचे कारण दिसत नाही. इतरांना मी एका इंजिनाच्या विमानाने १/३२ मध्ये सुरुवात करायला सुचवीन: स्पिटफायर, किंवा १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईची आठवण म्हणून हंटर. मागवण्याआधी वर्तमानपत्राचा कागद पंखविस्तार आणि लांबीच्या मापाने कापून कपाटात ठेवून पाहावा. हंटरसाठी तो ३२ सेंटिमीटर बाय ४४ सेंटिमीटर कापावा लागेल, आणि एक फुटी फळीवर विमान आडवे ठेवले तर एका पंखाचे टोक दीडएक सेंटिमीटर बाहेर डोकावेल. दार काचेचे सरकते असेल, तर त्या दीड सेंटिमीटरचा विचार आधीच केलेला बरा.