योक की साइडस्टिक? घरच्या फ्लाइट सिमसाठी काय घ्यावं, माझा रिव्ह्यू

सरळ मुद्द्याचं सांगते. फ्लाइट सिम म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, योक म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगसारखं विमानाचं हँडल आणि साइडस्टिक म्हणजे पायलटच्या बाजूला असलेली जॉयस्टिक. इंडिगोचं नाहीतर एअर इंडियाचं ए३२० (एअरबस कंपनीचं विमान) घरी बसून उडवायचं असेल तर थ्रस्टमास्टरची टीसीए साइडस्टिक एअरबस एडिशन घ्या, तिच्या जोडीला टीसीए क्वाड्रंट, म्हणजे थ्रॉटलच्या (इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या) लिव्हरचा संच, घ्या (दोन्ही मिळून ऑफिसर पॅक म्हणून पण येतं), आणि मोठा योक न घेतल्यामुळे जे पैसे वाचतील ते सगळे रडर पेडलमध्ये (विमानाचं नाक डावीउजवीकडे वळवायचे पायातले पेडल) घाला. मी हा सेटअप कोपरखैरणेला आमच्या छोट्या बेडरूममध्ये लावलाय आणि बरेच महिने वापरून, भाच्याच्या घरी जाऊन योकवर पण भरपूर उडवून मग हे लिहितेय.

आता का ते नीट सांगते, कारण बरेच जण फक्त फोटो बघून ठरवतात. योक टेबलावर लावला की भारी दिसतो हे खरंच आहे, पण घरी बसून खऱ्या विमानाच्या जास्त जवळ काय जातं हा वेगळा प्रश्न आहे. ए३२० पहिल्यांदा उडालं १९८७ मध्ये आणि त्यातली साइडस्टिक तेव्हापासून स्प्रिंगवरच चालते. म्हणजे पायलट स्टिक कलवतो तेव्हा पंखावरचा हवेचा जोर त्याच्या हाताला लागतच नाही, हाताला लागते ती फक्त स्प्रिंग. स्टिक फक्त कॉम्प्युटरला सांगते की एवढ्या वेगाने कलायचंय, पुढचं कॉम्प्युटर बघतो. ३३ डिग्रीपर्यंत कलवून स्टिक सोडून दिली तर विमान तेवढंच कललेलं राहतं, ट्रिम (हाताने सतत दाब न देता विमान आहे तसं राहावं अशी जुळवणी) पण आपोआप होतं. आता घरची स्टिक काय आहे, तीही स्प्रिंगच. म्हणजे एवढ्या कमी पैशात हाताला जे लागतं ते तत्त्वाने खऱ्यासारखंच असतं, बोइंग ७३७ नाहीतर सेस्नाच्या बाबतीत घरच्या स्प्रिंगवाल्या सामानाला हे जमत नाही.

थ्रॉटलचं पण तेच आणि हे मला तर जास्तच आवडतं. बोइंग ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असला की लिव्हर स्वतःहून पुढेमागे सरकतात, घरच्या क्वाड्रंटमध्ये मोटर नसते म्हणून ते सरकत नाहीत, मग स्क्रीनवर एक आणि हातात दुसरंच. एअरबसमध्ये लिव्हर सरकतच नाहीत! टेकऑफला फ्लेक्स (थोडा कमी जोर) नाहीतर टोगाच्या (पूर्ण जोर) खाचेत ढकलायचे, वर गेल्यावर क्लाइंबच्या खाचेत ओढून ठेवायचे, की मग लँडिंगपर्यंत तिथेच. टीसीए क्वाड्रंटला त्याच खाचा दिल्यात, प्रत्येक खाचेत लिव्हर अडकतो तेव्हा हाताला कळतं, बघायला लागत नाही. आणि खाली २० फुटांवर विमान रिटार्ड रिटार्ड ओरडायला लागतं तेव्हा दोन्ही लिव्हर मागे आयडलला (सगळ्यात कमी जोर) खेचायचे, तो क्षण कीबोर्डवर कितीही बटणं दाबा, येत नाही म्हणजे नाहीच.

एक काम मात्र आठवणीने करा, कॅलिब्रेशन. लावल्या लावल्या खाचा सिममधल्या खाचांशी जुळतीलच असं नाही. फ्लायबायवायर नावाच्या गटाने बनवलेलं ए३२० (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी फुकट आहे, आधी तेच घ्या) उडवत असाल तर त्याच्या आतल्या टॅबलेटमध्ये थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे, तिथे प्रत्येक खाचेत लिव्हर ठेवून सेट करायचं. हे न करता लोक उडवतात आणि मग क्लाइंबला ठेवलं तरी क्लाइंब येत नाही म्हणून क्वाड्रंटला नावं ठेवतात.

स्टिक हातात घेतली की हलकी वाटते, प्लास्टिक आहे आणि ते लपत नाही. स्प्रिंग पण माझ्या मते थोडी अजून कडक चालली असती. पण आत मुख्य दोन अॅक्सिसना, म्हणजे पुढेमागे आणि डावीउजवीकडे, हॉल सेन्सर आहेत, तेच जे थ्रस्टमास्टरच्याच टी.१६०००एम जॉयस्टिकमध्ये आहेत. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, त्यात कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत फिरतो, पट्टी झिजते, धूळ बसते, मग हात स्थिर असला तरी विमान थरथरतं. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, घासायला काही नाहीच. आपल्याकडे खाडीची दमट हवा, वर रस्त्यांच्या कामाची धूळ, त्यामुळे मी तर म्हणेन दुसरं काही बघू नका पण हॉल सेन्सर आहे का हे बघाच. बजेट थोडं जास्त असेल तर व्हीकेबीची ग्लॅडिएटर पण फार छान स्टिक आहे, तीही बिनघासाच्या सेन्सरवाली, पण तिचा आकार लढाऊ विमानाचा, एअरबसचा फील तिच्यात मिळत नाही.

अजून एक, ही स्टिक डाव्या हाताने पण धरता येते, वरची बटणांची तुकडी बदलता येते. कॅप्टन डावीकडे बसतो, स्टिक डाव्या हातात, थ्रॉटल उजव्या. सुरुवातीला डावा हात ऐकत नाही पण तसंच लावा, पुढे सवय होते आणि माउस पण उजव्या हाताला मोकळा मिळतो.

योकची बाजू पण मांडते, कारण भाच्याकडे ठाण्याला घोडबंदर रोडला हनीकोंबचा अल्फा योक आणि ब्रावो थ्रॉटल आहे आणि वस्तू म्हणून तो सेट अप्रतिम आहे. दोन्हीकडे ९०-९० डिग्री फिरतो, स्विचेस खणखणीत, ब्रावोवर ट्रिमचं चाक आणि ऑटोपायलटची बटणं. भाचा सेस्ना १७२ (एका इंजिनाचं लहान विमान) शिवाय काही उडवत नाही आणि त्याच्यासाठी तेच बरोबर आहे, सेस्ना साइडस्टिकने उडवायला मजा नाही. पण सेस्नामध्ये खरा योक वेगाप्रमाणे जड हलका होतो, आणि ट्रिम करायचं म्हणजे योक आहे तिथेच धरून हातावरचा दाब घालवायचा. घरचा स्प्रिंगवाला योक सोडला की मध्यावर पळतो, म्हणून ट्रिम फिरवता फिरवता योक हळूहळू मध्यावर येऊ द्यावा लागतो, ते उलटंच तंत्र झालं. ते खरं हवं असेल तर फोर्स फीडबॅकवाले (मोटरने हाताला दाब देणारे) मोझा, ब्रुनर वगैरे आहेत, त्यांच्या किमती बघूनच मी टॅब बंद केला. भाचा म्हणतो, मावशी तू एकदा माझ्याकडे आठवडाभर रहा मग बोल. राहीनही, पण मत तेच राहील. ज्याला लहान विमानं, पुढेमागे खऱ्या फ्लाइंग क्लबात जायचंय त्याने योक घ्यावा, आणि त्यासाठी टेबलाची कड जाड आणि मजबूत हवी, कारण योक क्लॅम्पवर असतो आणि ओढताना सगळं टेबल पुढे येतं.

आता पेडल. याच्यावर लोक सगळ्यात शेवटी खर्च करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. ट्विस्टवाल्या (पिळता येणाऱ्या) स्टिकने रडर देता येतो मान्य, पण मनगट कलवताना नकळत पिळलं जातं आणि क्रॉसविंडमध्ये (बाजूच्या वाऱ्यात) नाक इकडेतिकडे जातं. शिवाय जमिनीवर सेंटरलाइन (रनवेची मधली रेघ) धरणं, डावा उजवा ब्रेक वेगळा दाबणं, हे पायांचंच काम आहे. पेडल आल्यावर स्टिकच्या ट्विस्टचं असाइनमेंट सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका नाहीतर दोन्ही भांडतात. थ्रस्टमास्टरची टीएफआरपी स्वस्तात बसते पण दोन पेडल फार जवळजवळ आहेत, मोठ्या माणसाचे गुडघे चिकटतात, लहान मुलांना चालेल. मी लॉजिटेकची घेतली, म्हणजे पूर्वीची सायटेकची, पाय मोकळे राहतात, वजनदार आहेत आणि मध्ये एक नॉब फिरवून कडकपणा कमीजास्त करता येतो. रोज वापरतेय, समाधानी आहे.

पण इथे आपल्या घरांची एक खास अडचण आहे, ती कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. नवी मुंबईत जवळपास प्रत्येक फ्लॅटला गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पेडल दाबलं की पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे!! ब्रेक दाबायचा तर आपणच भिंतीकडे. मी पेडलच्या पुढे भिंतीपर्यंत लाकडाची फळी टाकलीय, खाली रबरी मॅट, आणि खुर्ची बिनचाकांची घेतली. टेबल तुर्भ्याच्या एका सुतारकाकांकडून करून घेतलं, त्यांना सांगितलं काका वर कॉम्प्युटर आहे पण खाली पाय जोरात दाबणार आहे, त्यांनी मागे आडवी पट्टी मारून दिली आणि क्वाड्रंटसाठी उजवीकडे थोडा खालच्या उंचीवर कप्पा काढला. तयार गेमिंग टेबलपेक्षा स्वस्तात झालं आणि हलत नाही.

पीसीबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ला शिफारस ३२ जीबी रॅमची आहे, १६ वर चालतं पण मोठ्या एअरपोर्टवर अडकतं. गेम प्रोसेसरवर फार जोर टाकतो, फक्त ग्राफिक कार्ड मोठं घेऊन भागत नाही. आणि जमीन, इमारती सगळं इंटरनेटवरून येत राहतं, तेव्हा ५० एमबीपीएसचं कनेक्शन धरून चला. तीन मॉनिटर घेण्यापेक्षा एक मोठा जवळ ठेवा आणि ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर वेबकॅमवर लावा, डोकं वळवलं की कॉकपिट वळतं. व्हीआर (डोळ्यांवर लावायचा हेडसेट) मे महिन्यात एसीशिवाय सहन होत नाही, विषय संपला. यूएसबीची एवढी यंत्रं झाली की स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब घ्या आणि विंडोजमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर फायनलवर (उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) असताना स्टिक झोपी जाऊ शकते.

हे सगळं लावून मी काय करते तर मुंबईच्या रनवे २७ वर उतरते. पूर्वेकडून येणारी विमानं आमच्याच डोक्यावरून, वाशी कोपरखैरणेवरून खाडी ओलांडून घाटकोपरमार्गे खाली जातात. इथे ती साधारण सहा नॉटिकल मैलांवर असतात, तीन डिग्रीच्या उताराने हिशोब केला तर दोन हजार फुटांच्या आसपास. सिममध्ये तिथे आले की फ्लॅप्स, गिअर, वेग सगळं जागेवर आहे का बघते, नसेल तर गो अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर. पावसाळ्यात लाइव्ह वेदर लावून ढगांमधून येऊन बघा, एकदम शेवटी रनवेचे दिवे दिसतात, पायात पेडल असतील तर कळेल मी एवढं का लिहिलंय त्यांच्यावर.

उलव्याला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीतली बरीच मुलं आणि त्यांचे आईबाबा विचारायला येतात. आईबाबांसाठी एक गोष्ट स्पष्ट, कमर्शियल पायलट लायसन्ससाठी डीजीसीएला (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक) उड्डाणाचे २०० तास लागतात आणि त्यात घरच्या सिमचे तास धरत नाहीत. चेकलिस्ट, रेडिओची भाषा, यंत्रं वाचण्याची सवय यासाठी मात्र घरचा सेटअप खरोखर उपयोगाचा आहे, व्हॅटसिमवर (फ्लाइट सिमवाल्यांचं ऑनलाइन नेटवर्क) तर समोर खरी माणसं एटीसी (विमानांना सूचना देणारे कंट्रोलर) म्हणून बोलतात, मुलांचं बुजणं जातं.

घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी विचारा, परदेशातून आणून विकलेला माल स्वस्त दिसतो पण बिघडला तर कोणी वाली नाही. एका दुकानात मला बॉक्स उघडून हात पण लावू दिला नाही, मी तिथून काहीच घेतलं नाही, वाशीतल्या दुसऱ्या दुकानदाराने डेमो पीसवर अर्धा तास बसू दिलं आणि सगळी खरेदी तिथून झाली. वापरलेलं घेत असाल तर लॅपटॉप बरोबर न्या, विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाका, जॉयस्टिक तपासायची खिडकी उघडते, तिथे स्टिक सोडल्यावर खूण मध्यावर शांत बसतेय का, चारही कोपऱ्यांपर्यंत पोचतेय का, पेडलचा प्रत्येक ब्रेक शून्यापासून पूर्ण जातोय का हे बघा, आणि खूण थरथरताना दिसली तर भाव कितीही कमी करून मिळू दे, घेऊ नका.