सेकंडहँड पिकअप, दोन सीझन वापरून: सगळे इंजिन बघतात, मागच्या स्प्रिंगचे पाटे कोण बघतं?

मायलेज किती, किती टनाची, बीएस फोर घ्यावी का सिक्स, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे म्हणून ते परत सांगत बसत नाही. माझी 2018 ची, 1.7 टनवाली, साडेचार लाखाला एका गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली, नाव घेत नाही कारण अजून थोडे पैसे त्याच्याकडे अडकलेत. टोमॅटोचा सीझन नाशिकच्या पिंपळगावला मारला, मग द्राक्षाचा मारला, मध्ये कांद्याच्या काही खेपा. म्हणजे गाडी बऱ्यापैकी घासून झाली, आता लिहायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे किलोमीटर बघून गाडी घेऊ नका. मीटर मागे फिरवतात हे तर शेंबडं पोर सांगेल, पण मीटर खरा असला तरी त्याचा उपयोग नाही. दुधाची पिकअप दोन लाख चालली तरी ती रोज तोच रस्ता, तेवढंच वजन, पहाटे रिकाम्या रोडला. आणि वाळूची नाहीतर विटांची पन्नास हजार चाललेली गाडी म्हणजे चासीपासून (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) सगळं ढिलं. म्हणून व्यापाऱ्याला किती चालली विचारू नका, काय वाहिलं ते विचारा. तो खरं सांगणार नाही ते वेगळं, पण गाडी सांगते. हौद्याच्या कोपऱ्यात, फळीच्या फटीत बोट घाला, सिमेंट निघतं, वाळू निघते, पिसं निघतात. एमएच 08, म्हणजे रत्नागिरी पासिंगची असेल तर वास घ्या, खरंच नाक लावून वास घ्या, कारण मासळीच्या गाडीला बर्फाचं खारट पाणी रोज हौद्यातून खाली चासीवर टपकत असतं. वरून गाडी चकाचक आणि खाली ब्रेकचे पाइप हाताने मोडतील असे गंजलेले. अशी एक मी बघून सोडली, रंग इतका भारी होता की मेहुणा अजून म्हणतो तीच घ्यायला हवी होती.

आता पाटे, म्हणजे अॅक्सलवर एकावर एक बसवलेल्या, वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. मागच्या चाकाजवळ उकिडवे बसा आणि पाटे मोजा, दोन्ही बाजूचे. कंपनीचे किती येतात ते त्या मॉडेलच्या नव्या गाडीखाली वाकून आधी मोजून ठेवा, फुकट आहे. जास्तीचा पाटा टाकलेला असला की समजायचं गाडीवर कायम ओव्हरलोड झालाय. आमच्याकडचाच हिशोब बघा, टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट, रिकामं वजन धरून बावीस, म्हणजे 1.7 टनात पंच्याहत्तर-सत्त्याहत्तर बसतात. आता मार्केटच्या गेटवर उभं राहून सांगा कुणाच्या गाडीत सत्त्याहत्तर असतात. एकशे वीस म्हणजे अडीच टनाच्या वर गेलं. ते वजन झेलायला पाटा टाकतात, पाटा झेलतोही, पण चासी, हौसिंग (मागच्या अॅक्सलचं कवच), बेअरिंग, टायर, ब्रेक हे सगळं कंपनीच्याच मापाचं राहतं ना.

माझ्या गाडीत प्रत्येक बाजूला एक पाटा जास्तीचा होता. व्यापारी म्हणाला, "शेठ, प्लस पॉइंट आहे हा, वर खर्च करून टाकलाय." प्लस पॉइंट!

या पाट्यांच्या बरोबर मध्ये एक बोल्ट असतो, सेंटर बोल्ट. चहा-वड्याच्या पैशात येणारी वस्तू. सगळे पाटे त्याने एकत्र धरलेले असतात आणि त्याचं डोकं खाली अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, त्यामुळे अॅक्सल जागेवर राहतो. वरून यू बोल्ट आवळलेले असतात. यू बोल्ट जरा ढिले झाले की पाटे अॅक्सलवर सरकायला बघतात, सगळा जोर त्या एका बोल्टवर येतो आणि तो कटतो. तो कटला की अॅक्सल त्या बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते, खेकड्यासारखी. ड्रायव्हरला आत बसून कळत नाही, स्टेअरिंग थोडं एका बाजूला धरायची सवय होऊन जाते. मला वणीच्या रोडला मागून येणाऱ्या एका आयशरवाल्याने ओव्हरटेक करताना ओरडून सांगितलं, "ओ दादा, गाडी आडवी चाललीय तुमची!" थांबून बघतो तर डावीकडचं मागचं चाक हौद्याच्या मडगार्डला मागच्या बाजूने जवळजवळ टेकलेलं. आत पूर्ण भरलेली कॅरेट. भावात तो दिवस बरा होता म्हणून जास्त राग आला.

तर गाडी बघायला जाताना खिशात टेप न्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूला, चाकं सरळ ठेवून. सारखं आलं पाहिजे. बोटभर फरक असेल तर सेंटर बोल्ट कटलाय नाहीतर चासी वाकलीय. व्यापारी हसेल, हसू द्या. मग यू बोल्टच्या बाजूला बघा, पाट्यावर चकचकीत घासलेला पट्टा दिसला म्हणजे पाटा सरकतोय, स्थिर पाट्यावर धूळ-गंज एकसारखा असतो. आणि नवीन यू बोल्ट टाकले की थोडं चालवून परत आवळून घ्यायचे असतात, कारण भार आला की ते बसतात आणि ढिले पडतात. हे पाटेवाला सांगतो, आपण परत जात नाही.

तिथेच चासीही बघून घ्या. पाट्याचं पुढचं आणि मागचं ब्रॅकेट जिथे चासीला लागतं तिथे बारीक चिरा जातात. सगळ्या चासीला जुना रंग आणि तेवढ्याच जागी ताजा काळा ऑइलपेंट असेल तर नखाने खरवडा, खाली वेल्डिंग सापडेल.

आता गॅरंटीचं भांडण. घेतल्यावर थोड्याच दिवसात साठच्या पुढे मागून "गूंऽऽ" आवाज सुरू झाला. फिटर म्हणाला क्राऊन-पिनियन गेलं, म्हणजे हौसिंगमधले मागची चाकं फिरवणारे गिअर. व्यापाऱ्याने तीन महिने "इंजिन-गिअरबॉक्स गॅरंटी" दिली होती, तोंडी. फोन केला तर म्हणतो, "शेठ, क्राऊन इंजिनात येतो का गिअरबॉक्समध्ये?" म्हणजे गॅरंटीतून नेमकं तेच वगळलं जे ओव्हरलोडने पहिलं जातं. असा शहाणपणा. माझा आवाज चढला, त्याचा चढला, शेवटी अर्धा खर्च देतो म्हणून कबूल झाला. तर व्यापारी गॅरंटी म्हणाला की कागदावर "क्राऊन, हौसिंग, शाफ्ट" असं एक एक नाव लिहून घ्या.

(वरचं सगळं मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं, आता यात बदल. हौसिंग उघडायच्या आधी पाटेवाल्याच्या शेजारी दुसरा फिटर आहे त्याला दाखवली. त्याने आधी आवाज ऐकत गाडी चालवली. म्हणाला क्राऊनचा आवाज अॅक्सिलेटर दिला-सोडला की बदलतो, देताना एक आणि सोडताना दुसरा. तुमचा आवाज दोन्हीकडे तोच आहे आणि पायाखाली थरथर पण आहे. खाली जाऊन जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या अॅक्सलला जाणारा दांडा) हलवला तर तो मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटून लोंबत होतं. हौसिंगचं ऑइल काढून बघितलं, त्यात लोखंडाचा चुरा नाही, प्लगला नेहमीची थोडी बारीक भुकटी तेवढी. बेअरिंग बदललं, आवाज बंद. क्राऊनच्या खर्चापुढे किरकोळ. आता व्यापारी म्हणतो मग अर्धे पैसे कशाचे, मी म्हणतो बेअरिंगचे अर्धे तरी दे. ते अडकलेत ते हेच.)

म्हणून चालवून बघताना रेडिओ बंद, व्यापाऱ्याची बडबड बंद. वळणावर आवाज कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग. थांबल्या जागेवरून निघताना खाली "टक्" झालं तर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा) झिजलाय.

इंजिनचं थोडक्यात, कारण ते सगळे बघतातच. न सांगता सकाळी लवकर जा, बोनेटला हात लावा, गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, निघून या. गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा, उडालं आणि धूर फेकायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा-डिझेलचं गणित बिघडलंय, गरम इंजिनातून पांढरा येतच राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. क्लच बघायला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलेटर दाबा, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही म्हणजे क्लचची प्लेट संपली. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, चारही टायर वेगवेगळ्या सालाचे असले तर भाव पाडायला कामाला येतं. माझं इंजिन मात्र एक नंबर निघालं, ते मान्य करतो.

कागदाचं एकच सांगतो, गाडीवर चढवलेला कर्जाचा बोजा उतरवल्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि आठ वर्षांच्या पुढे गाडी गेली की फिटनेस दर वर्षी, तो खर्च किमतीत धरा.

परत पाट्यांवर येतो, कंटाळला असाल तरी. बऱ्याच पिकअपला मागच्या अॅक्सलपासून चासीकडे एक बारीक दांडी जाते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हची असते. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. जास्तीचा पाटा टाकला की गाडी दबतच नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि अडीच टन माल असताना मागचा ब्रेक रिकाम्या गाडीएवढा. माझ्या गाडीत तर ती दांडी तारेने बांधून ठेवली होती! सापुताऱ्याच्या उतारावर पुढचे ब्रेक का जळाल्यासारखे वास मारायचे ते तेव्हा समजलं. वीस जणांनी गाडी बघितली असेल, ती तार कुणाला दिसली नाही.

आता जास्तीचे दोन्ही पाटे काढून टाकलेत, कंपनीच्या पाट्यांना परत कमान मारून (वाक देऊन) घेतली, दांडी मोकळी करून सेटिंग करून घेतली. रिकामी गाडी आधी पाठीचे मणके मोजायची, आता बरीच मऊ चालते. कॅरेट ऐंशीच्या आत भरतो, खेप वाढते, डिझेल वाढतं, घरी अण्णा रोज बोलतात की शेजारच्याची गाडी एकशे दहा आणते. आणू दे. जास्तीचे पाटे घरी पडून आहेत, भंगारात किलोने देण्यापेक्षा निफाड-पिंपळगाव भागात कुणाला ट्रॅक्टरच्या अवजाराला वगैरे हवे असतील तर सांगा, पिकअपला टाकायला मागू नका, देणार नाही.