क्रोम, एज, ब्रेव्ह की फायरफॉक्स?

डेस्कटॉपवर कुठला ब्राउझर टाकू, असं कुणी विचारलं की मी आधी एक गोष्ट सांगतो: नावं ढीगभर असली तरी आतली इंजिनं, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही सगळी क्रोमियमची, म्हणजे गूगलच्या खुल्या ब्राउझर-पायावर उभी राहिलेली भावंडं. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं इंजिन सोडून २०२० मध्ये एज त्यावरच आणला. फायरफॉक्सचं गेको वेगळं. सफारीचं वेबकिट वेगळं, पण डेस्कटॉपवर सफारी मॅकबाहेर मिळतच नाही. त्यामुळे क्रोम सोडून एज घेतला तर साइट उघडेल का, ही काळजी फुकटची.

क्रोम आणि एजमधला फरक सवयीचा. फोन अँड्रॉइड असेल तर क्रोममध्ये पासवर्ड आणि बुकमार्क आपसूक येतात. एज विंडोजमध्ये आधीच असतो, पीडीएफवर खुणा करू देतो. मात्र बातम्या आणि कुपनांची गर्दी सेटिंगमध्ये जाऊन आवरावी लागते.

खरा प्रश्न जाहिरातींचा. क्रोमने एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची) जुनी पद्धत बंद केली, त्यात जाहिराती अडवणारं पूर्ण ताकदीचं युब्लॉक ओरिजिन गेलं. उरली ती लाइट आवृत्ती. फायरफॉक्समध्ये ते अजून जसंच्या तसं चालतं. ब्रेव्हला एक्स्टेन्शन लागतच नाही, जाहिराती अडवायची सोय त्याच्या पोटातच आहे. त्यातली क्रिप्टोची, म्हणजे आभासी चलनाची, बटणं तेवढी लपवून टाका.

एकाच साइटवर दोन खाती वापरणाऱ्यांनी फायरफॉक्सचे कंटेनर बघावेत. घरचा मेल एका टॅबमध्ये, ऑफिसचा शेजारच्या, वर वेगवेगळ्या रंगाची पट्टी. क्रोममध्ये यासाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे वेगळी विंडो.

रॅम? सगळेच खातात. विंडोजवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, कुठला टॅब किती खातोय ते दिसेल. बहुतेकदा कुठलातरी विसरलेला व्हिडिओ निघतो.

माझ्याकडे रोजचा फायरफॉक्स. काही साइट क्रोमियमवरच तपासून बनवलेल्या असतात, तिथे एखादा फॉर्म अडतो; त्यासाठी ब्रेव्ह ठेवलाय. दोन ब्राउझर सांभाळायचा कंटाळा असेल तर सरळ ब्रेव्ह घ्या. बुकमार्क आयात करायला दोन मिनिटं लागतात. जुना ब्राउझर मात्र महिनाभर काढू नका, कुठला पासवर्ड फक्त तिथेच राहिलाय हे अडल्यावरच कळतं.