परवाना द्यावा की स्टार्टअप काढावं?

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नवं तंत्र हाती लागलं की दोन वाटा असतात: मोबदला घेऊन ते वापरायचा परवाना एखाद्या कंपनीला द्यायचा, किंवा त्यावर स्वतःची नवी कंपनी, म्हणजे स्टार्टअप, काढायची. बहुतेक जण कशात जास्त पैसा, यावरच अडकतात. माझ्या मते आधी एकच बघावं: हे तंत्र एखाद्या कंपनीच्या चालू कामात आजच बसतं का?

बसत असेल, तर परवाना. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांची डीएनए जोडायची पद्धत म्हणजे एखादं उत्पादन नव्हतं, शेकडो उत्पादनांना लागणारी पद्धत होती. कोहेन स्टॅनफर्डचे, बॉयर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. परवाने देणाऱ्या स्टॅनफर्डने ती एकाच कंपनीच्या घशात घातली नाही. वर्षाला किमान 10,000 डॉलर आणि विक्रीवर नाममात्र रॉयल्टी, अशा अटींवर मागेल त्याला दिली. 468 कंपन्यांनी परवाने घेतले आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून 25 कोटी डॉलरहून जास्त मिळाले. असा परवाना खपला की संशोधक पुन्हा प्रयोगशाळेत जायला मोकळा. पण कंपनीने परवाना घेऊन तंत्र फडताळात टाकलं तर? म्हणून एकाच कंपनीला देताना 'ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर परवाना परत' ही अट घालाच.

कोणाच्याच कामात बसत नसेल, तर स्टार्टअप. स्टॅनफर्डचे विद्यार्थी पेज आणि ब्रिन यांनी इंटरनेटवर माहिती शोधायची आपली पद्धत आधी विकून पाहिली. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा 1998 मध्ये गूगल काढली. पण पेटंट स्टॅनफर्डचं! कंपनीला स्वतःच्याच विद्यापीठाकडून परवाना घ्यावा लागला. त्याबदल्यात मिळालेले 18 लाख समभाग विकून विद्यापीठाला 33.6 कोटी डॉलर आले. तेव्हा 'स्टार्टअप काढलं की सगळं आपलं' या भ्रमात राहू नका; बहुतेक ठिकाणी हक्क विद्यापीठाचाच असतो. शिवाय वर्षानुवर्षं भांडवलामागे धावणारा पूर्णवेळ माणूस लागतो. तो प्राध्यापकच हवा असं नाही. बॉयर यांनी 1976 मध्ये जेनेनटेक ही औषध कंपनी काढली, ती चालवली त्यांचे भागीदार स्वॉन्सन यांनी. आणि गंमत बघा, जेनेनटेकचं इन्सुलिन 1982 मध्ये मंजूर झालं, पण बाजारात विकलं ते परवाना घेतलेल्या एली लिली या औषध कंपनीने. म्हणजे स्टार्टअप काढूनही परवाना सुटत नाही.

वाट कुठलीही असो, शोधनिबंध छापण्याआधी पेटंटचा अर्ज करा. कोहेन-बॉयर यांचा निबंध नोव्हेंबर 1973 मध्ये आला, अर्ज गेला नोव्हेंबर 1974 मध्ये. अमेरिकेत निबंध छापल्यावरही अर्ज करायला वर्षभराची सवलत होती, ती संपायला आठवडाभर उरला असताना. इतर बहुतेक देशांत अशी सवलत नव्हती, त्यामुळे तिथलं पेटंट कायमचं हुकलं.