सिरीयल नंबर खरा, हेडफोन खोटा

ऑफिसातला गलका टाळायला लोक महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतात, आणि नेमका याच वस्तूत नकली माल सहज खपतो. कारण साधं आहे: पैसे ज्या गुणासाठी मोजायचे, तो डोळ्यांना दिसत नाही. डबा, कानावरच्या गादीची शिलाई, लोगो, चालू करताच बोलणारा आवाज हे सगळं हुबेहूब करता येतं. खर्च असतो तो बाहेरचा आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनवर आणि त्याला मारणारा उलटा आवाज बनवणाऱ्या सिग्नल प्रोसेसरवर. नकलेत तेच गाळलेलं असतं. बाहेरच्या मायक्रोफोनची जाळी असते, पण तिच्यामागे काहीच नसतं.

मूळ किमतीच्या पाव भागात काही दिसलं की गिऱ्हाईक सावध होतं. म्हणून सराईत विक्रेता किंमत थोडीशीच उतरवतो आणि सोबत एक कारण चिकटवतो: भेट मिळालेला जादा नग, फक्त डबा उघडलेला, दुकान बंद करताना उरलेला माल. शंका घेतलीत की तोच म्हणतो, 'सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा.' तुम्ही तपासता, नंबर खरा निघतो, वॉरंटीही शिल्लक दिसते. हा नंबर एका अस्सल नगावरून उचलून कितीही डब्यांवर छापता येतो. तेव्हा नंबर खोटा निघाला तर माल बहुधा खोटा, पण नंबर खरा निघाला तर काहीच सिद्ध होत नाही.

पुढचा डाव वेळकाढूपणाचा. 'आवाज काही कमी होत नाही' असं कळवलं की उत्तर येतं: चाळीस-पन्नास तास गाणी वाजू द्या, हेडफोन 'मोकळा' होईल. किंवा, फर्मवेअरचा, म्हणजे हेडफोनच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट येतोय. यात तथ्य नाही. नॉइज कॅन्सलेशन गाणी वाजवून मुरत नाही. आत मायक्रोफोनच नसेल तर ते अपडेटनेही येत नाही. हे सांगायचं ते एवढ्यासाठीच की परत करण्याची मुदत उलटावी.

म्हणून चाचणी पहिल्याच दिवशी करावी, आणि गाणं न लावता करावी. बहुतेक लोक हेडफोन कानावर चढवतात, आवाज दबला म्हणून खूश होतात. तो आवाज गादीनेच दबलेला असतो. कानावर उशी दाबली तरी तेवढा फरक पडतो. तुलना 'घातला आणि काढला' अशी करायची नाही. हेडफोन कानावरच ठेवून एएनसी (अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग) चालू आणि बंद करून बघायचं. पंख्याजवळ किंवा एसीखाली बसा, नाहीतर स्पीकरवर आधी १०० ते २०० हर्ट्झचा घुमणारा सूर लावा, मग २,००० हर्ट्झचा. अस्सल नगात एएनसी चालू करताच खालचा घुमारा झपकन खाली जातो आणि वरच्या सुरात फारसा फरक पडत नाही. नकली नगात दोन्ही सूर तसेच राहतात, फार तर बारीक 'स्स्स' सुरू होतं. दुसरी खूण: बाहेरचा आवाज आत घेणारा मोड लावा आणि बोटाचं टोक बाहेरच्या जाळीवर हलकेच घासा. ज्या बाजूला घासाल त्या कानात खसखस ऐकू यायलाच हवी.

चष्मा असेल तर तो काढून पुन्हा करा. चष्म्याच्या काड्यांमुळे गादीला फट पडते, खालचे सूर आत शिरतात आणि अस्सल हेडफोनही नापास होतो.

अँड्रॉइड फोनवर आणखी एक तपासणी होते. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ब्लूटूथ कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत, दिसतो. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ (२०२०) किंवा एक्सएम५ (२०२२) या मॉडेलला एलडीएसी या वरच्या दर्जाच्या कोडेकची सोय आहे. फोन एलडीएसी चालवतो, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आवाजाच्या दर्जाला प्राधान्य दिलंय, तरी पर्याय एसबीसी या साध्या कोडेकच्या पुढे जात नसेल, तर मामला संशयास्पद. मात्र हा नियम सगळ्यांना लावू नका. बोसच्या क्यूसी४५ मध्ये आणि एअरपॉड्स मॅक्समध्ये एलडीएसी मुळातच नाही. एअरपॉड्सच्या डबीचं झाकण उघडताच आयफोनवर येणारी जोडणीची खिडकी हा तर पुरावाच नव्हे, नकली चिपही ती दाखवते. उलट आयओएस १६ पासून बनावट एअरपॉड्सची पडताळणी न झाल्याची सूचना येऊ शकते; ती आली तर 'ओके' दाबून पुढे जाऊ नका, स्क्रीनशॉट घ्या. वजनही करून बघा. एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा आहे, लाइटनिंग पोर्टचा एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅमचा. वजन जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण काही नकली मालात धातूचे तुकडे घालून भार वाढवलेला असतो.

याहून सभ्य फसवणूक डब्यावर छापलेली असते. 'ईएनसी' किंवा 'सीव्हीसी' म्हणजे तुमच्या मायक्रोफोनमधला गोंगाट कमी करणं. त्याचा फायदा फोनवरच्या समोरच्या माणसाला, तुमच्या कानाला शून्य. अक्षरं सारखी दिसतात म्हणून 'नॉइज कॅन्सलिंग' एवढंच ठळक छापतात. '४० डेसिबलपर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द सगळं काम करतो: तो आकडा बहुधा एखाद्या सोयीच्या फ्रीक्वेन्सीवरचा असतो.

आता अस्सल माल ऑफिससाठी घ्यावा का? बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना अशा हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली आणि त्यांच्या कंपनीचा पहिला असा हेडसेट १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आला. म्हणजे शत्रू होता इंजिनाचा सलग घुमारा. आजही एएनसीचा खरा जोर साधारण १,००० हर्ट्झच्या खालीच असतो. त्यावरचं काम गादी करते. माणसाचं बोलणं समजतं ते बरंचसं त्यावरच्या व्यंजनांमुळे. म्हणून एसी, सर्व्हर, एक्झॉस्ट फॅन यांचा त्रास असेल तर पैसे वसूल. शेजारच्या टेबलावरच्या गप्पांचा त्रास असेल, तर एएनसी चालू केल्यावर त्या कधीकधी जास्तच स्पष्ट ऐकू येतात, कारण त्यांना झाकणारा घुमारा गेलेला असतो. 'पूर्ण शांतता' सांगून विकणारा इथे खोटं बोलतो, मग माल अस्सल का असेना.

दिवसभर मीटिंग असतील तर आणखी एक गोष्ट. साध्या ब्लूटूथवर मायक्रोफोन सुरू झाला की हेडफोन हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे कॉलसाठीच्या हलक्या दर्जाच्या जोडणीवर, जातो, आवाज मोनो होतो आणि जाडाभरडा येतो. दुकानातला डेमो गाण्यावरच देतात, म्हणून हे कळत नाही. डेमोत लॅपटॉपवर कॉल लावायला सांगा. फक्त कॉलसाठीच हवा असेल तर तोंडाशी दांडीचा माइक आणि यूएसबी डोंगल असलेला साधा हेडसेट बरा. महागड्याच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होतं.

पार्सल उघडताना व्हिडिओ सलग घ्या: आधी पत्त्याचं लेबल, मग सील, मग नग, मग वजनकाटा. मध्ये कट असेल तर विक्रेता नेमकं तिथेच बोट ठेवतो. तक्रार जिथून खरेदी केली त्या साइटच्याच चॅटमध्ये लिहा; खासगी मेसेजवर झालेलं बोलणं साइट बहुधा मोजत नाही. 'थोडे पैसे परत घ्या आणि वस्तू ठेवा' हा प्रस्ताव स्वीकारलात की वाद मिटल्याची नोंद होते आणि पुढचे दरवाजे बंद. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून 'हा आमचा माल नाही' असं लेखी मिळालं तर तो सगळ्यात वजनदार कागद. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे परत फिरवून, मागता येतो; त्याचीही मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. आणि वस्तू परत पाठवायची ती साइटने दिलेल्या लेबलवरच. विक्रेत्याने चॅटमध्ये दिलेल्या पत्त्यावर पाठवलीत, तर ती पोचल्याची नोंद साइटकडे राहत नाही आणि हातात ना हेडफोन उरतो ना पुरावा.